दाखवायचा माइक

गेल्या दोन वर्षांत मी तुम्हा दोघांना आजोबांच्या कार्यक्रमांचे तीन व्हिडिओ पाठवले. तिन्हींमध्ये आजोबा गिटार घेऊन उभे आहेत, त्यांची बोटं हलताहेत, पाय ताल धरतो आहे आणि गिटार अगदी स्वच्छ ऐकू येते आहे. त्यातल्या एका गाण्यातला गिटारचा तुकडा तुमच्यातला मोठा बसवतो आहे, असं तुमची आई मागे फोनवर म्हणाली. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे. त्या तिन्ही व्हिडिओंत जी गिटार ऐकू येते ती आजोबांची नाही. मला हे यंदाच्या लग्नसराईत कळलं, आणि कळलं तेव्हा मी हातात जेवणाचं ताट घेऊन उभी होते.

आजोबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते हे तुम्हाला माहीत आहे. गिटार मात्र ते कॉलेजपासून वाजवतात. निवृत्तीनंतर नगरच्या एका ऑर्केस्ट्रात त्यांना जागा मिळाली आणि घरात जरा शांतता झाली. मी त्यांच्या कार्यक्रमांना सहसा जात नसे. तीच गाणी ते घरी रोज वाजवतात, ती पुन्हा लग्नात जाऊन ऐकायची मला हौस नव्हती. व्हिडिओ मला ऑर्केस्ट्राचे चालक पाठवायचे, ते मी तुम्हाला पाठवायची. यंदा मात्र आमच्या शेजाऱ्यांच्या घरचंच लग्न होतं, तेव्हा जाणं आलं.

लॉन्स नगर-मनमाड रस्त्यावर होतं, भलंमोठं. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवणाची टेबलं, मध्ये खुर्च्यांच्या रांगाच रांगा. साडेबाराचा मुहूर्त होता, तो पुढाऱ्यांच्या शुभेच्छांमुळे सव्वा वाजता लागला. अक्षता पडल्या, लोक जेवणाकडे धावले आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. मी मसालेभात आणि मठ्ठा घेऊन अगदी मागे, एका उंच स्पीकरखाली उभी होते. स्टेज लांब होतं, पण लख्ख ऊन होतं आणि माझा चष्मा नवा होता. आजोबा डाव्या बाजूला उभे होते. त्यांच्या पाठीशी गुडघ्याएवढा त्यांचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, आणि त्या पेटीच्या तोंडाशी बुटक्या स्टँडवर एक माइक.

गाणं मध्यावर आलं. गायक थांबला, आता गिटारनं एकटीनं वाजायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच आजोबांच्या हातातलं पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची चकती, खाली पडलं. ते वाकले. मग एक गुडघा टेकला, मग दुसरा. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला माहीत आहे. डावा हात फळीवर टेकलेला, उजवा हात अ‍ॅम्पच्या खाली चाचपडतो आहे, गिटार गळ्यात आडवी लोंबते आहे. आणि माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून गिटार वाजत होती. नुसती वाजत नव्हती, एकही सूर इकडेतिकडे न होता वाजत होती.

माझा घास तोंडात तसाच राहिला. आधी मला वाटलं की आवाज उशिरा पोहोचत असेल. एवढं लांबचं अंतर आहे, काही असेल. पण आजोबा उठेपर्यंत चांगलं अर्धं मिनिट गेलं, आणि अर्धं मिनिट उशिरानं येणारा आवाज या जगात नसतो.

शेजारी एक बाई जिलेबी खात होत्या. त्या मला म्हणाल्या, "काका लई भारी वाजिवत्यात, न्हाई का?"

मी म्हटलं, "अहो, ते तर खाली वाकलेत."

त्यांनी स्टेजकडे नीट पाहिलं. "व्हय की. वाकून बी वाजिवत्यात. जुना मानूस हाय, सवय असती."

मी ताट ठेवलं आणि साउंडच्या टेबलाकडे गेले. ते लॉन्सच्या मधोमध, एका छत्रीखाली असतं. तिथे मिक्सर घेऊन बसलेला माणूस माझा विद्यार्थी होता. आता पन्नाशीला आला आहे. त्याच्या वडिलांचं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, उरुसापासून गणपतीपर्यंत शहरात त्यांचेच भोंगे लागायचे. नववीत तो माझ्या इंग्रजीच्या वर्गात होता. निबंध कधी स्वतः लिहायचा नाही, पण उभं करून विचारलं की लगेच कबूल करायचा.

"बाई, तुम्ही? जेवलात का?"

"गिटार कोण वाजवतंय?"

"काका वाजवतायत की."

"काका गुडघ्यावर बसले होते. मी आत्ता पाहिलं."

मिक्सरवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेननं नावं लिहिलेली होती. गायक, गायिका, ढोलकी, कीबोर्ड. एका ठिकाणी 'गिटार' लिहिलं होतं, आणि त्याची सरकपट्टी अगदी तळाला होती.

मी त्यावर बोट ठेवलं. "हे वर केलं तर काय होईल?"

"काही होणार न्हाई, बाई." मग खाली बघून म्हणाला, "वायर लावलेलीच न्हाई."

"मग तो माइक?"

"तो दाखवायचा माइक आहे."

टेबलावर एक लॅपटॉप होता. गाण्याचा सगळा वाद्यमेळ त्यातून येत होता. त्याला हे लोक ट्रॅक म्हणतात. गायक खरा गातो, ढोलकी खरी वाजते, कीबोर्ड थोडा खरा थोडा खोटा, आणि गिटार पूर्णपणे लॅपटॉपमधली. आजोबांचा अ‍ॅम्प त्यांच्या पाठीमागे खणखणीत वाजतो. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. त्यामुळे स्टेजवर त्यांना स्वतःचंच ऐकू येतं आणि तेच बाहेर जातं आहे असं वाटतं. त्यातून त्यांचा उजवा कान जरा मंद झाला आहे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, बाई. फक्त काकांना न्हाई."

तिथे एक रिकामी पेटी होती, तिच्यावर मी बसले. तीस वर्षं मी शाळेत कॉपी पकडली. समोरच्याचा चेहरा पाहून मला कळायचं. आणि इथे दोन वर्षं माझ्या नवऱ्याला उभं करून ठेवलं होतं, आणि मी ते सुबक व्हिडिओ परदेशात पाठवत होते.

घरी येताना गाडीत मी एवढंच विचारलं, "अहो, मध्ये तुमची गिटार थांबली होती का?"

"पिक पडलं होतं. कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं असेल," आजोबा म्हणाले. "फार चांगला माणूस आहे. माझं काही चुकलं की कुणाला कळूसुद्धा देत नाही."

त्यानंतर तीन दिवस मला त्यांच्याकडे नीट बघता येईना. ते गॅलरीत बसून सराव करत, आणि मी स्वयंपाकघरात भाजी निवडताना तेच तेच डोक्यात घोळवत असे. सांगावं तर कसं, आणि न सांगावं तर आपणही त्या सगळ्यांच्यातलेच झालो.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटी रिक्षानं मार्केट यार्डामागच्या, माझ्या त्या साउंडवाल्या विद्यार्थ्याच्या गोडाउनला गेले. स्पीकर पुसणं चाललं होतं. त्यानं चहा मागवला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"बाई, आधी मी खराच माइक लावत होतो. पण आपल्याकडचं लग्न तुम्हाला माहीत आहे. गाणं चालू असतं, मध्येच कोणी साहेब येतात, त्यांना दोन शब्द बोलायचे असतात. निवेदकाच्या हातातला माइक मिळेपर्यंत कोण थांबतो? स्टँडवर गोल डोक्याचा माइक दिसला की आपल्याकडे माणूस तो उपटून हातात घेतोच. असाच एकदा एका साहेबांनी काकांच्या अ‍ॅम्पपुढचा माइक काढला. त्या माइकला मी गिटारची सेटिंग दिलेली. खालचा आवाज कापलेला, वरचा चढवलेला. साहेब बोलायला लागले आणि आवाज आला चिमणीसारखा. त्यात ते अ‍ॅम्पसमोरच उभे, माइक शिट्टी मारायला लागला. सगळं लॉन्स हसलं. साहेब न जेवता निघून गेले, आणि मुलीच्या बापानं माझ्या अंगावर हात टाकायचा बाकी ठेवला."

"मग?"

"मग चालक म्हणाले, गिटारचा माइक बंद. ट्रॅकमध्ये गिटार आहेच. माइक दिसायला ठेव, कोणी उचलला तर उचलू दे."

"हे एक कारण झालं," मी म्हटलं. "दुसरं सांग."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "बाई, काकांची बोटं आता पूर्वीसारखी न्हाई चालत. जलद गाण्यात मागं पडतात. कारखान्यातल्या अपघातात दुखावलेलं ते बोट तार धड दाबत न्हाई. चालक म्हणाले, काकांना काढायचं कसं? इतका भला माणूस. मग उभं राहू दे, असं ठरलं."

ठरलं. जणू आजोबा म्हणजे स्टेजवरची कुंडी होती. मला संताप आला, पण तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि खोटंही बोलत नव्हता. मी विचार केला, दोन कारणांपैकी एक तर माझ्या हातातलं आहे. ते आधी निकालात काढू.

घरी येऊन मी वही काढली. तुमची आई हसेल, पण मला कुठलीही गोष्ट तक्ता केल्याशिवाय कळत नाही. इंटरनेटवर इंग्रजीत या विषयावर पुष्कळ लिहिलेलं आहे, आणि ते बरंचसं सरळ इंग्रजीत आहे. मला कळलं ते असं. अ‍ॅम्पचा आवाज नुसता मोठा करून भागत नाही, कारण त्यानं पुढच्या रांगेचे कान फाटतात आणि मागच्या रांगेला तरीही काही पोहोचत नाही. म्हणून अ‍ॅम्पपुढे माइक ठेवतात आणि तो आवाज मोठ्या स्पीकरांतून सगळीकडे सारखा पोहोचवतात. त्यासाठीचा माइक दणदणीत आवाज सहन करणारा हवा आणि फक्त समोरचं ऐकणारा हवा. बाजूची ढोलकी त्यानं ऐकता कामा नये. तो कोणाच्या पायानं हलता कामा नये, हेही मी लिहून घेतलं.

वही घेऊन मी पुन्हा गोडाउनला गेले. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "पुस्तकात सगळं खरं आहे, बाई. फक्त पुस्तकात पुढारी नसतो."

मग मी शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: तो माइक माइकसारखा दिसता कामा नये.

आजोबांना मी अर्धं खरं सांगितलं. म्हटलं, तुमची गिटार मागे नीट येत नाही, माइक बदलायला हवा. त्यांना इतका आनंद झाला की मला लाज वाटली. "मी किती दिवस म्हणतोय," ते म्हणाले, "तो स्टँडवरचा माइक मला पहिल्यापासून आवडला नाही."

एका सकाळी आम्ही अ‍ॅम्प आणि गिटार घेऊन गोडाउनला गेलो. पुढे मोकळं अंगण आहे, तिथे त्यानं दोन मोठे स्पीकर लावले. आजोबा शेडमध्ये बसून वाजवणार, मी अंगणाच्या टोकाला, गेटपाशी उभी राहून ऐकणार, आणि वहीत लिहिणार.

पहिला होता तो नेहमीचा, गोल जाळीचा, गाणाऱ्यांचा माइक. आवाज चांगला आला. पण तो प्रश्न आवाजाचा नव्हताच, म्हणून मी त्यावर फुली मारली. दुसरा पेनसारखा बारीक, नाजूक. याला कंडेन्सर म्हणतात आणि त्याला वेगळी वीज द्यावी लागते. त्यात गिटार आली, त्याबरोबर शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानाचं चरचरणं आलं, रस्त्यावरचा टेम्पो आला, आणि आजोबा पुटपुटत ताल मोजत होते तेही आलं. आजोबांनी जरा जोर लावला तर आवाज फाटला.

"हा भजनाला बरा," तो म्हणाला. "याला सगळं ऐकायची हौस आहे."

तिसरा त्यानं कपाटाच्या मागून काढला. चपटा, चौकोनी, फळा पुसायच्या डस्टरएवढासुद्धा नाही. टोकाकडून ऐकत नाही, कुशीकडून ऐकतो. त्यामुळे त्याला स्टँड लागत नाही. त्याची वायर अ‍ॅम्पवरून टाकली की तो स्वतःच्याच वायरीला अ‍ॅम्पच्या जाळीवर पाठ आपल्याकडे करून लटकत राहतो.

"असा कोणी उचलेल का, बाई?"

"मला विचारशील तर ते अ‍ॅम्पचं कुलूप वाटतं," मी म्हटलं.

मग तो कुठे लटकवायचा हे आलं. जाळीच्या आत गोल स्पीकर असतो. त्याच्या मध्यावर धरला तर आवाज पत्र्यासारखा कडक, कडेला धरला तर गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. मी गेटवरून हात करत होते, तो वायर इंचभर इकडे, इंचभर तिकडे सरकवत होता. मध्यापासून चार बोटं बाजूला आवाज मोकळा झाला. त्यानं तिथे खडूनं खूण केली आणि म्हणाला, "काका, आता एक पूर्ण वाजवा."

आजोबांनी तेच गाणं धरलं, जे लग्नात वाजलं होतं.

घरी मी त्यांना रोज ऐकते. पण घरी मध्ये कुकर असतो, टीव्ही असतो, माझं लक्ष नसतं. इथे काहीच नव्हतं. दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर, आणि त्यांतून फक्त त्यांचा हात. करंगळीशेजारचं बोट तार दाबत नव्हतं, तिथे सुराऐवजी नुसती टिकटिक येत होती. वळणावर ते मागे पडत आणि मग धावत गाठत. एक जागा तर सरळ चुकली. मला माझा नवरा म्हातारा झालेला ऐकू आला. दिसत रोज होता, ऐकू तेव्हा आला.

आणि मग गिटार थांबली. त्या दिवशी स्पीकरांची तोंडं लोकांकडे नव्हती, अंगणात आडवी वळवलेली होती, आणि आजोबांनाही सगळं तेवढंच स्वच्छ ऐकू गेलं होतं. मी शेडपाशी आले तेव्हा ते गिटार मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते.

त्यांनी त्याला विचारलं, "बाहेर असंच येत होतं? दोन वर्षं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. तो काय करतो आहे ते मला समजलं. निबंध माझ्याकडे ढकलला होता.

विचार करा. हो म्हटलं असतं, तर दोन वर्षं प्रत्येक लग्नात आपण हजार माणसांसमोर असं वाजवलं, हे त्यांच्या वाट्याला आलं असतं. नाही म्हटलं, तर दोन वर्षं आपल्याला कोणी ऐकलंच नाही, हे आलं असतं. आणि यांतलं एकच खरं होतं.

"नाही," मी म्हटलं. "बाहेर तुमचं काहीच येत नव्हतं. तो माइक जोडलेलाच नव्हता. गिटार लॅपटॉपमधून वाजत होती. मलाही महिन्याभरापूर्वी कळलं."

आजोबांनी विचारलं, "म्हणजे त्या राहुरीच्या लग्नात मी अख्खी ओळ दुसऱ्याच पट्टीत वाजवली, ते कोणीच ऐकलं नाही?"

"कोणीच न्हाई, काका," तो म्हणाला.

"त्यापायी मी चार महिने झोपलो नाही," आजोबा म्हणाले. ते हसले. खरंच हसले, आणि मला वाटलं सुटलो. मग ते हसणं आपोआप बंद पडलं आणि त्यांनी विचारलं, "मग मला उभं कशाला करत होता?"

तो वायरी गुंडाळू लागला.

त्यानंतर आठवडाभर घरात गिटार वाजली नाही. आजोबा माझ्याशी बोलत, पण भाजीचं, औषधाचं. एकदा मात्र जेवताना म्हणाले, "तू महिनाभर गप्प कशी राहिलीस?" मी म्हटलं, मला सुचलं नाही. ते म्हणाले, "हं." मला वाटलं होतं की ते चालकांवर चिडतील, साउंडवाल्यावर चिडतील. माझ्या त्या एका महिन्याचाच त्यांना जास्त धक्का बसला होता, हे मला कळायला वेळ लागला. तुम्हाला हे लिहितानाही मला ते बरं वाटत नाही.

मग एका सकाळी त्यांनी चालकांना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. एवढंच म्हणाले, की पुढच्या, केडगावच्या लग्नाला येतो, पण तो चपटा माइक लागला तरच, आणि वायर जोडून. मग चालक म्हणाले, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या बायकोनं," आजोबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी गाणी निवडली. चार. चारही संथ. ज्यांत ते बोट लागत नाही किंवा त्याच्याऐवजी दुसरं चालतं, अशी. पुन्हा पुन्हा तीच. मी कुकर बंद ठेवून ऐकत असे.

केडगावचं लग्नही दुपारचंच होतं. मी या वेळी साउंडच्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसले. अ‍ॅम्पच्या जाळीवर तो चपटा माइक लटकत होता, आणि मिक्सरवर गिटारची सरकपट्टी वर होती. मी ती दोनदा पाहिली. ट्रॅकमधली गिटार त्यानं त्या चार गाण्यांपुरती काढून टाकली होती. दुसऱ्या गाण्यात फेटेवाल्यांचा एक घोळका स्टेजवर चढला. त्यांतल्या साहेबांनी माइकसाठी इकडेतिकडे पाहिलं, अ‍ॅम्पवरून नजर फिरवली आणि सरळ पुढे जाऊन गायकाच्या हातातला माइक घेतला. साउंडवाल्यानं माझ्याकडे न बघता नुसती मान हलवली. साहेबांचं बोलणं होईपर्यंत आजोबा अगदी हळू, एकच सुरावट धरून राहिले. मागच्या शेवटच्या स्पीकरमधूनही ती येत होती. मी चालत जाऊन खात्री केली.

चारही गाणी झाली. तिसऱ्यात एक सूर चुकला. पण कोणी मान वळवली नाही. लोक जेवत होते. लॅपटॉपची गिटार वाजत होती तेव्हा ते जसे जेवत होते, तसेच जेवत होते. दोन वर्षं ज्या चुकांपासून या माणसाला लपवून ठेवलं, त्या कोणाला कळणाऱ्याच नव्हत्या, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी पुन्हा एकदा हबकले.

पाचवं गाणं जलद होतं, नवऱ्यामुलाच्या मित्रांच्या फर्माइशीचं. ते आजोबांच्या यादीत नव्हतं. ठरलेलं असं, की ते ट्रॅकवर जाईल आणि आजोबा नेहमीसारखे उभे राहतील. गाणं सुरू झालं. आजोबांनी गळ्यातला पट्टा काढला, गिटार स्टँडवर ठेवली, कडेची एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून स्टेजच्या पुढे आणली आणि लोकांकडे तोंड करून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि स्पीकरमधून गिटार सुसाट वाजायला लागली.

आधी नाचणाऱ्या मुलांपैकी एक थांबला. मग आणखी दोघं. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना काहीतरी दाखवायला लागल्या. एका गृहस्थांनी खुर्चीवरून उठून स्टेजच्या मागे डोकावून पाहिलं, तिथे कोणी दुसरा लपला आहे का ते. गायक गात होता, पण त्याची नजर खुर्चीवर खिळली होती आणि एक ओळ त्यानं दोनदा गायली. माझ्या शेजारी साउंडवाल्याचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला होता.

"बाई," तो म्हणाला, "बंद करू?"

"तुला त्यांनी सांगितलं का?"

"न्हाई."

"मग चालू दे."

मुलाचे मामा पुढे आले आणि स्टेजच्या कडेला ओणवून मोठ्यानं म्हणाले, "काका, हात दुखला काय? वाजवा की."

आजोबा जरा पुढे झुकले. "हे माझं नाही," ते म्हणाले. "माझं मघाशी झालं. चार गाणी."

"मंग ह्ये कोन वाजिवतंय?"

"ते मला माहीत नाही. चांगला वाजवतो."

मामांनी बाजूची खुर्ची ओढली, स्टेजखाली आजोबांच्या समोर टाकली, आणि तेही बसून ऐकायला लागले.

गाणं संपल्यावर चालक आजोबांकडे आले. ते घामाघूम झाले होते. "काका, असं चारचौघांत बसून कसं चालेल? लोक विचारणार."

"विचारू देत."

"प्रत्येक लग्नात असंच करणार तुम्ही?"

"तुम्ही बोलावलंत तर," आजोबा म्हणाले. "चार वाजवीन. बाकीची बसून ऐकीन."

चालकांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी काही समजावीन म्हणून. मग रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "शिर्डीला पुढच्या रविवारी हॉटेलचा कार्यक्रम आहे. तिथे स्टेज लहान आहे, काका. खुर्ची मागे घ्यावी लागेल."

आजोबा म्हणाले, चालेल.